तयार माल कुठे ठेवायचा? : एएसडीएफच्या एका निर्णयाची समीक्षा



समीक्षा म्हटलं की आपल्याकडे कविता, कादंबरी, फार तर नाटक-सिनेमा डोळ्यांपुढे येतो. आज आम्ही एका सॉफ्टवेअरची समीक्षा करणार आहोत. तीही अख्ख्या सॉफ्टवेअरची नाही, त्यातल्या एकाच निर्णयाची. कॉमन लिस्प या भाषेत प्रोग्राम बांधायला एएसडीएफ नावाचं साधन वापरतात. हे साधन मूळ फायली कंपाइल करतं आणि तयार झालेल्या फायली कुठेतरी ठेवतं. हे 'कुठेतरी' म्हणजे कुठे, ते कोणी ठरवायचं, आणि ठरलेलं बदलायचं असेल तर कसं बदलायचं, एवढाच आजचा विषय.

विषय फार बारीक वाटेल. पण जळगावच्या माणसाला हा प्रश्न वेगळा समजवायला नको. जिनिंगमध्ये गाडीतून आलेला कापूस एका जागी, रुईच्या गाठी दुसऱ्या जागी, सरकी तिसऱ्या जागी. कच्चा माल आणि तयार माल एकाच ढिगात ठेवला तर धंदा चालत नाही, हे तिथल्या हमालालाही ठाऊक असतं. संगणकाच्या जगाला ही गोष्ट नीट ठरवायला बरीच वर्षं लागली, आणि ठरवताना काही चांगल्या गोष्टी झाल्या, काही खटकणाऱ्याही झाल्या. त्या दोन्ही आपण बघू.

आणखी एक कारण आहे. खानदेशात प्रोग्रामिंग शिकणारी कितीतरी मुलं स्वतःच्या मशीनवर शिकत नाहीत. कॉलेजची लॅब, मित्राचा लॅपटॉप, क्लासमधलं सामायिक मशीन. मशीन दुसऱ्याचं, त्यावर काय इन्स्टॉल करायचं ते दुसरा ठरवणार, कुठल्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आहे तेही दुसरा ठरवणार. अशा मुलाला किंवा मुलीला काम करता येतं की येत नाही, हे ज्या छोट्या निर्णयांवर ठरतं त्यांतला हा एक निर्णय आहे. म्हणून तो समीक्षेच्या लायकीचा आहे.

मूळ अडचण

आधी पार्श्वभूमी. लिस्प ही फार जुनी भाषा. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली तिचं काम सुरू केलं. पुढे तिच्या अनेक बोली झाल्या, आणि त्यांना एकत्र आणून कॉमन लिस्प तयार झाली. तिचं एएनएसआय मानक १९९४ सालचं. या मानकात एक फाइल कंपाइल कशी करायची ते दिलेलं आहे. 'कंपाइल-फाइल' असं फंक्शनच आहे. तयार फाइल कुठे ठेवायची ते सांगितलं नाही, तर ती मूळ फाइलीच्या शेजारी, त्याच नावानं, फक्त शेपूट बदलून ठेवली जाते. या तयार फाइलीला लिस्पवाले 'फास्ल' म्हणतात. 'फास्ट लोड' म्हणजे चटकन लोड होणारी, त्यावरून हे नाव.

एक फाइल असेल तर ठीक. पण खरा प्रोग्राम पन्नास-शंभर फायलींचा असतो. त्यातली कुठली आधी कंपाइल करायची, कुठली कुणावर अवलंबून आहे, एक बदलली तर कुठल्या पुन्हा कराव्या लागतील, याबद्दल मानक गप्प आहे. ते काम लोकांनी आपापल्या साधनांनी केलं. मार्क कँट्रोविट्झ यांचं एमके-डेफसिस्टिम हे त्यातलं एक. मग या शतकाच्या सुरुवातीला डॅनियल बार्लो यांनी एएसडीएफ लिहिलं. नावाचा अर्थच 'अनदर सिस्टिम डेफिनिशन फॅसिलिटी', म्हणजे अशा साधनांत 'अजून एक'. हे 'अजून एक' मात्र टिकलं आणि जवळजवळ सगळ्यांनी स्वीकारलं.

सुरुवातीच्या एएसडीएफनं जागेच्या बाबतीत वेगळा विचार केला नव्हता. मूळ फाइलीशेजारीच तयार फाइल. आता बघा, यात काय काय बिघडतं.

पहिली अडचण, कॉमन लिस्पचा कंपाइलर एक नाही. एसबीसीएल आहे, सीलिस्प आहे, ईसीएल आहे, ॲलेग्रो आहे. प्रत्येकाची तयार फाइल वेगळी, एकाची दुसऱ्याला चालत नाही. पण शेपटं मात्र कधी कधी तीच. एसबीसीएल आणि ॲलेग्रो दोघांचंही शेपूट 'फास्ल'. सीलिस्प आणि ईसीएल दोघांचंही 'फास'. म्हणजे एकाच फोल्डरवर दोन कंपाइलर चालवले की एकानं केलेलं दुसरा पुसणार, किंवा दुसऱ्याची फाइल उघडायला जाऊन तोंडावर आपटणार.

दुसरी अडचण, कंपाइलर तोच पण आवृत्ती वेगळी. एसबीसीएलची तयार फाइल त्या-त्या आवृत्तीलाच चालते. आवृत्ती बदलली की जुनी फाइल नाकारली जाते.

तिसरी अडचण सगळ्यात महत्त्वाची, परवानगीची. लिनक्स मशीनवर ॲडमिननं एखादी लायब्ररी सगळ्यांसाठी एका जागी टाकली. ती जागा सामान्य वापरणाऱ्याला वाचता येते, तिथे लिहिता येत नाही. आता विद्यार्थी ती लायब्ररी लोड करायला गेला की एएसडीएफ ती कंपाइल करणार, तयार फाइल शेजारी लिहायला जाणार, आणि तिथे लिहायची परवानगी नाही. काम थांबलं. का थांबलं? तर ज्याची गरजच नव्हती अशा ठिकाणी लिहायचा हट्ट साधनानं धरला म्हणून. मग त्या विद्यार्थ्यानं काय करायचं? ॲडमिनकडे जायचं, अर्ज करायचा, 'सर, परवानगी द्या' म्हणायचं. म्हणजे तांत्रिक निर्णय छोटा, पण त्यातून एक माणूस दुसऱ्या माणसाच्या दारात उभा राहतो.

उपाय आणि त्यातलं शहाणपण

लोकांनी यावर उपाय काढले नाहीत असं नाही. डेबियन लिनक्समध्ये कॉमन-लिस्प-कंट्रोलर नावाची सोय होती. गॅरी किंग यांनी एएसडीएफ-बायनरी-लोकेशन्स नावाची जोड लिहिली. फ्रान्स्वा-रेने रिदो यांच्या सीएल-लाँचमध्येही अशीच सोय होती. तीन उपाय, तिघांची तऱ्हा वेगळी, आणि तिन्ही वेगळे बसवावे लागायचे. ज्याला माहीत आहे त्यालाच फायदा.

पुढे रिदो यांच्याकडेच एएसडीएफची देखभाल आली, आणि २०१० मध्ये एएसडीएफ २ आलं. त्यात ही सोय बाहेरून जोडायची न ठेवता साधनाच्या पोटातच घातली. आणि मुख्य म्हणजे काहीही न सांगता चालणारी वागणूकच बदलली. आता तयार फायली मूळ फाइलीशेजारी जात नाहीत. वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये 'डॉट कॅश' नावाचं फोल्डर असतं, त्यात 'कॉमन-लिस्प', त्यात कंपाइलरचं नाव, आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर यांचं मिळून एक फोल्डर, आणि त्याच्या आत मूळ फाइलीचा अख्खा पत्ता पुन्हा एकदा जसाच्या तसा उभा केलेला. त्या पत्त्याच्या टोकाला तयार फाइल.

हा पत्ता लांबलचक आहे, पण त्याचा प्रत्येक तुकडा वर सांगितलेल्या एकेका अडचणीचं उत्तर आहे. होम फोल्डर म्हणून परवानगीचा प्रश्न नाही. कंपाइलरचं नाव आणि आवृत्ती म्हणून एकमेकांवर लिहिण्याचा प्रश्न नाही. मूळ पत्ता पुन्हा उभा केला म्हणून दोन वेगळ्या प्रकल्पांतल्या एकाच नावाच्या फायली आपटत नाहीत.

यामागचं तत्त्व रिदो आणि रॉबर्ट गोल्डमन यांनी २०१० सालच्या एका निबंधात मांडलं. निबंधाच्या नावातच ते आहे, सहकार्य जास्त आणि समन्वयाची कटकट कमी. साध्या मराठीत सांगायचं तर, ज्याला जी गोष्ट माहीत आहे त्याला ती सांगता यावी, आणि ज्याला ती माहीत नाही त्याला ती विचारली जाऊ नये. प्रोग्राम लिहिणाऱ्याला माहीत नसतं की धुळ्यातल्या एका लॅबमध्ये कुठल्या डिस्कवर जागा आहे. ते त्यानं सांगूही नये. ॲडमिनला माहीत असतं, त्यानं सांगावं. वापरणाऱ्याला काही वेगळं हवं असेल तर त्यानं सांगावं. आणि कोणीच काही सांगितलं नाही तरी काम चालावं.

आमच्या मते हा निर्णय बरोबर आहे, आणि तो नुसता सोयीचा नाही, न्यायाचाही आहे. ज्याच्या हाती मशीनचा ताबा नाही त्यालाही सामायिक लायब्ररी कोणाला न विचारता वापरता येते. नियम असा झाला की वाचायची परवानगी पुरे. वाचता आलं की कंपाइल करता येतं, कंपाइल करता आलं की चालवता येतं.

पायथॉनशी ताडून बघितलं तर हे आणखी स्पष्ट होतं. पायथॉननंही हाच प्रश्न जवळपास त्याच काळात सोडवला. २०११ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासून तयार फायली मूळ फाइलीशेजारच्या 'पायकॅश' नावाच्या उपफोल्डरमध्ये जायला लागल्या, आणि फाइलीच्या नावातच इंटरप्रिटरची आवृत्ती आली. म्हणजे आवृत्त्यांचं भांडण मिटलं, पण जागा मूळ फाइलीच्या अंगणातच राहिली. तिथे लिहायची परवानगी नसेल तर पायथॉन गुपचूप लिहायचं सोडून देतो, आणि दर वेळी कंपाइल करत बसतो. पुढे ३.८ मध्ये त्यांनीही सगळ्या तयार फायली वेगळ्या झाडात ठेवायची सोय दिली. एएसडीएफ ज्या जागी २०१० मध्ये पोचलं होतं तिकडेच पायथॉनची वाट उशिरा वळली. फक्त पायथॉननं ती ऐच्छिक ठेवली, एएसडीएफनं ती नेहमीची केली.

धुळ्याचा दाखला

मूळ आणि तयार यांच्यातलं हे अंतर आपल्या भागाला नवीन नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांचा शेवट धुळ्यात झाला, ३१ डिसेंबर १९२६ ला. त्यांच्या नावाची संशोधन संस्था तिथेच आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा, आणि पुढे माला बावीस खंडांपर्यंत गेली. त्या खंडांची मांडणी आठवा. मूळ पत्रं एकीकडे, संपादकाचं म्हणणं प्रस्तावनेत. राजवाड्यांची मतं ठाम असायची, ग्रँट डफवर त्यांनी कडक टीका केली, पण ती टीका पत्रांत मिसळली नाही. ज्याला प्रस्तावना पटली नाही त्यानं पत्रं वाचावीत आणि स्वतःची प्रस्तावना लिहावी. मूळ शाबूत आहे म्हणून तयार मालाशी भांडता येतं.

पण हा दाखला एका जागी तुटतो, आणि ती जागा महत्त्वाची आहे. मोडीतलं पत्र बाळबोधीत उतरवून छापलं, तर ती छापील प्रत 'तयार माल' झाली. ती हरवली तर? मूळ पत्र आहे, पुन्हा उतरवता येईल. पण त्यात मोडी वाचणाऱ्याचे महिने गेलेत, अडलेल्या शब्दाचा निवाडा गेलाय. ते यंत्र पुन्हा करून देणार नाही. फास्लचं तसं नाही. ती पुसली तर काही मिनिटांत यंत्र पुन्हा तशीच करून देतं. म्हणून आम्ही कॅशची एक कसोटी सांगू. जे पुसलं तर वेळ जातो पण काही हरवत नाही, ते कॅशमध्ये जावं. जे पुसलं तर जीव हळहळेल, ते कॅशमध्ये जाऊ नये.

या कसोटीवर एएसडीएफचा निर्णय उतरतो. फास्ल हा कॅशचाच माल. आणि एखाद्या कामातून निघणारी फाइल कॅशमध्ये जाऊ नये असं वाटलं, तर ते काम लिहिणाऱ्यालाही तसं सांगता येतं. तयार फायलींची यादी देताना सोबत 'याचा पत्ता बदलू नका' अशी खूण देता येते. इथेही तेच तत्त्व, ज्याला माहीत आहे त्यानं सांगावं.

आता तक्रारी

इथवर कौतुक झालं. पण निर्णय बरोबर असला म्हणजे त्याचं वागणंही बरोबर असतं असं नाही. आमच्या चार तक्रारी आहेत.

पहिली तक्रार नियम लिहिण्याच्या भाषेची. जागा बदलायची असेल तर नियमांच्या जोड्या लिहायच्या, इकडची फाइल तिकडे. वरून खाली वाचत जायचं आणि जो नियम आधी लागू पडेल तो खरा. इथपर्यंत छान. पण 'टी' हे अक्षर डावीकडे लिहिलं तर त्याचा अर्थ 'सगळ्या फायली', आणि उजवीकडे लिहिलं तर 'जिथे आहे तिथेच राहू दे'. म्हणजे 'टी टी' असा नियम लिहिला की अर्थ होतो 'सगळं जिथल्या तिथे'. लिस्पमध्ये मुरलेल्या माणसाला यात गंमत वाटेल. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे कोडं आहे. त्याच कामासाठी 'कॅश बंद' असा अर्थ सरळ सांगणारा शब्द उपलब्ध आहे, तो तरी शिकवताना आधी शिकवावा.

दुसरी तक्रार उतरंडीची. हे नियम सहा ठिकाणी देता येतात. प्रोग्राममधून थेट, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, वापरणाऱ्याच्या कॉन्फिग फाइलीतून, त्याच्या कॉन्फिग फोल्डरमधून, मशीनच्या कॉन्फिग फाइलीतून आणि मशीनच्या कॉन्फिग फोल्डरमधून. कॉन्फिग फोल्डर सोडले तर बाकी ठिकाणी स्पष्ट सांगावं लागतं की खालच्या पायरीचे नियम चालू ठेवायचे की तोडायचे. दोन्हींपैकी नेमकं एकच लिहायचं, विसरलं तर साधन चूक दाखवतं. ही सक्ती आम्हाला आवडते, कारण गप्प राहून गोंधळ घालण्यापेक्षा हे बरं. पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलसाठी एक आखूड रूपही आहे, कोलन टाकून पत्ते लिहायचे, आणि त्यात डाव्या बाजूची रिकामी जागा म्हणजे 'पुढचे नियम चालू ठेवा'. एकीकडे सक्तीनं बोलायला लावायचं आणि दुसरीकडे रिकाम्या जागेला अर्थ द्यायचा, हे एका हाताचं काम वाटत नाही.

सहा पायऱ्या असणं हा दोष नाही. पांझरेच्या फड पद्धतीत बंधाऱ्यापासून शेताच्या वाफ्यापर्यंत पाण्याच्या किती पायऱ्या असतात. पण तिथे पाणी का आलं नाही हे विचारायला पाटकरी असतो. एएसडीएफला एखाद्या फाइलीचा पत्ता देऊन विचारता येतं की हिची तयार फाइल कुठे जाईल, त्यासाठी 'अप्लाय-आउटपुट-ट्रान्सलेशन्स' हे फंक्शन आहे. ते उत्तर देतं. पण कुठल्या पायरीवरच्या कुठल्या नियमामुळे ते उत्तर आलं, हे ते सांगत नाही. ॲडमिननं मशीनच्या फाइलीत एक लिहिलंय, मुलीनं स्वतःच्या फाइलीत दुसरं लिहिलंय, आणि कुणीतरी कधीतरी शेलच्या फाइलीत व्हेरिएबल टाकून ठेवलंय. तिला उत्तर दिसतं, कारण दिसत नाही. ज्या साधनानं इतक्या लोकांना बोलायचा हक्क दिला, त्यानं 'कोणाचं ऐकलं' हे सांगायलाच हवं होतं.

तिसरी तक्रार न दिसण्याची. टिंब लावलेलं फोल्डर फाइल मॅनेजरमध्ये सहसा दिसतच नाही. पूर्वी मूळ फाइलीशेजारी नवी फाइल उगवायची. शिकणाऱ्याला दिसायचं, अरे, कंपाइल केलं म्हणजे हे झालं. कंपाइल म्हणजे काय हे समजण्याची ती एक खिडकी होती. नव्या व्यवस्थेत ती बंद झाली. मालाचं गोदाम स्वच्छ झालं, पण ते गावाबाहेर गेलं, आणि पत्ता कुणी सांगत नाही.

याचा त्रास चौथ्या तक्रारीत कळतो, ती तारखांची. फाइल पुन्हा कंपाइल करायची की नाही हे एएसडीएफ तारखेवरून ठरवतं. मूळ फाइल तयार फाइलीपेक्षा नवी असेल तर करा, नाहीतर राहू द्या. आता समजा, एका लॅबमधल्या जुन्या मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी संपली आहे. हे किती ठिकाणी होतं ते तुम्हाला सांगायला नको. काल घड्याळ बरोबर होतं, तयार फाइल कालच्या तारखेची झाली. आज मशीन चालू केलं आणि घड्याळ काही वर्षं मागे गेलं. मुलानं मूळ फाइलीत दुरुस्ती केली, ती जुन्या तारखेनं सेव्ह झाली. एएसडीएफ बघतं, तयार फाइल नवी, मूळ जुनी, म्हणजे करण्यासारखं काही नाही. आणि कालचाच प्रोग्राम लोड होतो. मुलगा दुरुस्ती करतोय, करतोय, आणि निकाल बदलतच नाही. पेन ड्राइव्हवरून तारीख जपून जुनी फाइल कॉपी केली तरी हेच होऊ शकतं.

तारखेवर विसंबणं हा एकट्या एएसडीएफचा दोष नाही, जुन्या 'मेक'पासून ती रीत चालत आली आहे. पण तयार फाइल शेजारी होती तेव्हा एखादा चतुर मुलगा ती पुसून बघायचा आणि सुटायचा. आता पुसायचं काय आणि कुठे, हेच त्याला माहीत नाही. 'फोर्स' हा पर्याय देऊन सगळं पुन्हा कंपाइल करायला लावता येतं, पण ते ज्याला शंका आली त्याला. ज्याला वाटतं की आपल्यालाच प्रोग्रामिंग जमत नाही, त्याचं काय? यंत्राची चूक माणूस स्वतःच्या डोक्यावर घेतो, ही यातली खरी हानी. बेझेल किंवा निक्ससारखी साधनं तारखेऐवजी मजकुराचाच हिशोब ठेवतात, मजकूर बदलला तरच काम बदललं असं मानतात. त्या मानानं एएसडीएफ इथे जुन्या वळणावर थांबलेलं आहे.

दोन आक्षेप, आणि त्यांची उत्तरं

आता कोणी म्हणेल, एवढं आहे तर मग सगळ्यांसाठी एकच सामायिक कॅश का नाही? चाळीस मुलं, चाळीस होम फोल्डर, आणि तीच लायब्ररी चाळीस वेळा कंपाइल. जागाही जाते, वेळही जातो. शिवाय एएसडीएफ जुनी कॅश आपणहून झाडत नाही. कंपाइलरची आवृत्ती बदलली की नवं फोल्डर, जुनं तसंच पडून.

हिशोब खरा आहे. पण तयार फाइल म्हणजे नुसता मजकूर नव्हे, ती थेट चालणारी गोष्ट आहे. ज्या जागी सगळ्यांना लिहिता येतं, तिथे एकानं टाकलेली फाइल दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याच्या परवानगीनं चालते. मूळ फाइल वाचून बघता येते, तयार फाइल कोण वाचणार? तेव्हा चाळीस प्रती ही उधळपट्टी नाही, ती विश्वासाची किंमत आहे. ती परवडत नसेल तर ॲडमिननं सामायिक लायब्ररी स्वतः एकदा कंपाइल करून, जिथे बाकीच्यांना फक्त वाचता येतं अशा जागी ठेवावी आणि मशीनच्या कॉन्फिग फाइलीत ती जागा सांगावी. नियमांची ती भाषा याचसाठी आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूनं येतो. होम फोल्डर कायम टिकतं हे गृहीत धरणंही चूकच ना? काही लॅबमध्ये मशीन बंद करून चालू केलं की सगळं पूर्वीसारखं कोरं होतं. तिथे दर वेळी पहिल्यापासून कंपाइल. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. पण इथे मागची कसोटी कामाला येते. कॅश गेली म्हणजे वेळ गेला, काम गेलं नाही. काम जायचं नसेल तर मूळ फायली पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या टिकाऊ जागी हव्यात. मूळ आणि तयार वेगळे आहेत हे ज्याला नीट उमगलं, त्याला काय सोबत न्यायचं आणि काय मागे सोडायचं हे आपोआप कळतं. एएसडीएफची हीच शिकवण सगळ्यात मोलाची.

निवाडा

तर आमचा निवाडा असा. तयार माल मूळ मालापासून दूर, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या जागेत ठेवायचा, हा निर्णय योग्य होता आणि आजही योग्य आहे. ज्याच्याकडे सत्ता नाही त्याला तो काम करू देतो. बदलायची मुभा सगळ्यांना दिली, हेही योग्य. कमी पडतं ते बोलणं. साधनानं ठेवलं कुठे, कोणाच्या सांगण्यावरून ठेवलं, आणि या खेपेला काम केलं की जुनंच उचललं, या तीन गोष्टी विचारायच्या आत समोर यायला हव्यात.

तोपर्यंत शिकवणाऱ्यांनी तीन गोष्टी पहिल्याच तासाला सांगाव्यात असं आम्हाला वाटतं. एक, कॅशचं फोल्डर उघडून दाखवा, आत जाऊन फास्ल दाखवा, आणि सगळ्यांसमोर ते पुसून प्रोग्राम पुन्हा चालवून दाखवा. भीती जाते. दोन, जागेचे नियम एकाच ठिकाणी लिहा. सहा पायऱ्या आहेत म्हणून सहाही वापरायच्या नसतात. तीन, दुरुस्ती करूनही निकाल बदलत नसेल तर स्वतःला दोष देण्याआधी मशीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा.

लॅबमधल्या बॅटऱ्या बदलायचा खर्च किती, हा प्रश्न मात्र आमच्या अखत्यारीत येत नाही, तो प्राचार्यांना विचारावा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.